सुरतेचे नौबंधन

सुरत हे नाव कानी पडले म्हणजे मराठी वाचकास दोन गोष्टी आठवतात. एक, छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ व १६७० या साली केलेली त्या शहराची लूट. आणि दुसरी, १९०७ च्या डिसेंबरातील काँग्रेसचे ते वादळी अधिवेशन, ज्यात व्यासपीठावर जोडा येऊन पडला आणि जहाल व मवाळ यांची फारकत झाली. या दोन्ही प्रसंगांवर आपल्याकडे इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याचे धाडस आम्ही करीत नाही. आम्हांस येथे निराळ्याच सुरतेविषयी बोलावयाचे आहे. ही सुरत तापीच्या काठी, पाण्याच्या पातळीवर वसलेली होती. तिचे नागरिक खारवे, कोळी, माछी, तांडेल आणि खलाशी. तिची सारी विद्या एका प्रश्नात सामावलेली होती: आलेली नौका बांधावी कशी, आणि वेळ येताच सोडावी कशी?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. खुंटा आहे, दोर आहे. बांधली की झाले. परंतु आपल्या प्राचीन ग्रंथकारांस तो क्षुल्लक वाटला नव्हता. मनू आणि मत्स्य यांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी ती युधिष्ठिरास सांगतात. प्रलयाच्या पाण्यात मनूची नौका त्या महामत्स्याने आपल्या शिंगास बांधलेल्या दोराने ओढीत नेली आणि हिमालयाच्या एका शिखरास बांधावयास लावली. त्या शिखरास ‘नौबंधन’ हे नाव पडले. भागवतात या दोराच्या जागी वासुकी आला आहे. कथेचे सर्वांत जुने रूप मात्र शतपथ ब्राह्मणात आहे, आणि तेथे एक तपशील असा आहे की जो वाचताना हा ब्राह्मणकार कधीतरी नदीमुखाशी राहिला असावा, असे आमच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. नौका झाडास बांध असे सांगून मत्स्य मनूस आणखी एक सूचना देतो. तू डोंगरावर असताना पाण्याने तुला तोडून टाकू नये. म्हणून पाणी जसजसे उतरेल तसतसा तूही हळूहळू खाली उतर. ज्या उतारावरून मनू उतरला त्यास ‘मनूचे अवसर्पण’ असे नावही मिळाले.

शिखराला बांधलेली नौका पाणी ओसरल्यावर हवेत लोंबकळेल ही भीती प्रलयातच असते असे नाही. सुरतेस ती दिवसातून दोनदा असे.

समुद्रापासून नदीमार्गाने सुमारे चौदा मैल आत, तापीच्या डाव्या तीरावर हे शहर आहे. खंभातचे आखात उत्तरेकडे निमुळते होत जाते, त्यामुळे त्यात शिरणारे भरतीचे पाणी दाटीवाटीने वर चढते. गोव्याच्या मांडवीत किंवा जुवारीत उधाणाच्या वेळी पाणी सहा-सात फूट चढते. मुंबईस त्याच्या दुप्पट किंवा थोडे अधिक. तापीच्या मुखाशी ते वीस फुटांच्या घरात जाते. आणि आखाताच्या आतल्या अंगास भावनगरास तीस फुटांच्याही वर. म्हणजे आपल्या गोमंतकातील तारी ज्या हिशेबाने होडी बांधतो, त्या हिशेबाने सुरतेस बांधली तर काय होईल हे उघड आहे. भरतीच्या ऐन वेळी आखूड दोराने खुंट्यास आवळलेली होडी ओहोटीच्या वेळी दोरास फाशी गेल्यासारखी लटकेल, कलंडेल, आतील माल चिखलात जाईल. उलट ओहोटीस आवळून बांधली तर चढते पाणी तिची नाळ खाली दाबून धरील, आणि एक तर दोर तुटेल, नाही तर खुंटा उपटेल, नाही तर नौका भरेल. यापैकी कोणतीही गोष्ट घडण्यास सहा तास पुरेत.

या आखाताची ही कीर्ती फार जुनी. ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकात ईजिप्तकडील कोण्या ग्रीक भाषा बोलणाऱ्या व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक वाटाडी पोथी लिहिली. ती ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे. सुरतेच्या उत्तरेस सुमारे चाळीस मैलांवर असलेल्या भृगुकच्छ, म्हणजे भरूच बंदराचे तीत मोठे तपशीलवार वर्णन आहे. तेथे भरती अशा वेगाने येते की नांगरलेली जहाजे तिच्या तडाख्याने उचलली जातात, नांगर धरत नाहीत, नौका आडव्या होऊन वाळूच्या पट्ट्यांवर फुटतात, असे तो सांगतो. म्हणून राजाच्या चाकरीतील तद्देशीय मच्छीमार ‘त्रप्पग’ आणि ‘कोटिंब’ नावाच्या मोठ्या होड्या घेऊन समोर सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जात आणि परदेशी जहाजांस ओढून आणीत. भरती सुरू होताच निघावयाचे, ओहोटी लागली की नदीच्या पात्रातील ठरावीक खोल डोहांत थांबावयाचे, पुन्हा पुढच्या भरतीस निघावयाचे. त्या ‘कोटिंब’ शब्दात आपल्या ‘कोटिया’ नौकेचे नाव अनेक विद्वानांनी ओळखले आहे. आम्हांस त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, वाचून न शिकलेल्या या मच्छीमारांचे ज्ञान राजाने पदरी बाळगण्याइतके मोलाचे मानले होते. परका नाखवा कितीही शहाणा असो, हे पाणी त्यास ठाऊक नसे.

सुरतेचा उदय भरूच आणि खंभात यांच्या मागून झाला. समोरच्या तीरावरील रांदेर हे तिच्याहून जुने बंदर. १५३० साली पोर्तुगीजांनी सुरत व रांदेर ही दोन्ही गावे जाळली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, १५४० नंतरच्या दशकात, खुदावंदखान या सरदाराने तापीच्या काठी तो किल्ला बांधला, जो आजही चौकबाजाराजवळ उभा आहे. अकबराने १५७३ साली सुरत घेतली. मोगल पातशाहीचे ते पश्चिमेकडील मुख्य दार झाले. हजचे यात्रेकरू येथूनच तारवांत बसत, म्हणून शहरातील एका घाटाकडील भागास अद्यापि मक्काई पूल म्हणतात. वीरजी व्होरासारखे सावकार येथे बसून मक्का, मोखा, बसरा आणि मलबार यांच्या बाजारभावांवर पैसे लावीत. परंतु या वैभवाच्या मुळाशी असलेली नदी मोठी लहरी होती. तिच्या मुखाशी वाळूचा बांध. भरलेली मोठी जहाजे शहरापर्यंत येऊच शकत नसत. लहान गलबते, मचवे, पडाव आणि रिकामी केलेली तारवे तेवढी भरतीबरोबर वर येत.

मोठ्या जहाजांनी मग एक जागा शोधली. तापीच्या मुखाच्या उत्तरेस सुंवाळी नावाचे गाव आहे. त्यासमोर किनाऱ्यास समांतर असा वाळूचा एक लांब पट्टा असून किनारा व तो पट्टा यांमध्ये खोल पाण्याची सुमारे सात मैल लांब आणि दीड मैल रुंद अशी एक गल्ली होती. ओहोटीस पट्टा उघडा पडे आणि समुद्राच्या लाटांपासून भिंतीसारखा आडोसा देई. इंग्रजांच्या दप्तरांत ‘स्वाली’ म्हणून ज्या जागेचा पानोपानी उल्लेख येतो ती हीच. १६१२ साली कॅप्टन बेस्टने पोर्तुगीज आरमाराशी येथेच झुंज दिली. १६१५ साली डाउन्टनच्या जहाजांवर पोर्तुगीजांनी रात्री पेटत्या होड्या सोडल्या त्या याच गल्लीत. आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याने हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवले तेही याच वाळूत. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत येथे इंग्रज, डच आणि पुढे फ्रेंच यांचे तंबू पडत, निशाणे लागत, वाण्यांची दुकाने थाटली जात. माल बैलगाड्यांनी किंवा होड्यांनी शहरात जाई. नैर्ऋत्येचा वारा सुटला की सारे ओस.

पेटत्या होड्यांचा उल्लेख आला म्हणून येथेच एक गोष्ट सांगितली पाहिजे. बांधलेल्या जहाजावर आग वाहत येते तेव्हा प्रश्न एकदम उलटा होतो. आतापर्यंत दोर सुटेल की काय ही चिंता. आता तो सुटत नाही ही चिंता. कौटिल्याने हे फार आधी ओळखले होते. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात नावध्यक्षाचे प्रकरण आहे. मोठ्या नौकांवर कोणकोण माणसे असावीत हे सांगताना त्याने नायक, सुकाणू धरणारा आणि पाणी उपसणारा यांच्या जोडीस ‘दात्र’ व ‘रश्मि’ धरणारे सांगितले आहेत. रश्मी म्हणजे दोर आणि दात्र म्हणजे विळा. दोर धरणाऱ्याच्या शेजारीच दोर कापणारा. टीकाकारांनी यावर आणखी काय म्हटले असेल ते असो. आम्हांस त्या एका समासात बंदराचे सारे शास्त्र दिसते.

आता दोराविषयी. या किनाऱ्यावरचा दोर म्हणजे काथ्याचा. अल्‌ बीरुनीने अकराव्या शतकात दक्षिण समुद्रातील बेटांचे दोन वर्ग सांगितले, एक कवड्यांची बेटे आणि दुसरी काथ्याची. इब्न बतूताने मालदीवच्या काथ्याने जहाजांच्या फळ्या शिवतात हे स्वतः पाहून लिहिले. पोर्तुगीजांनी त्यास ‘कायरू’ म्हटले, तो शब्द मलयाळी ‘कयर’ यावरूनच आला. नारळाची सोडणे खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात महिनोनमहिने कुजवावयाची, मग कुटून तंतू मोकळे करावयाचे, आणि हाताने वळावयाचे. कोकणात आणि कानडा जिल्ह्यात हे काम ज्याने पाहिले नाही असा वाचक या मासिकास क्वचितच असेल. लखदीवच्या उत्तरेकडील अमीनदिवी बेटांचा काथ्या मंगळुरास उतरत असे. टिपूनंतर १७९९ पासून ती बेटे कंपनीच्या कानडा जिल्ह्यात आली, आणि काथ्या सरकारने घ्यावयाचा व त्याच्या बदल्यात बेटवाल्यांस तांदूळ द्यावयाचा असा मक्ता चालला. भाव कोण ठरवी हे सांगणे नको.

काथ्या अंबाडीइतका किंवा युरोपातील तागाइतका बळकट नसतो. पण त्याच्या अंगी तीन गुण असे आहेत की ज्यांमुळे भरती-ओहोटीच्या बंदरात त्याची बरोबरी दुसऱ्यास करता येत नसे. तो पाण्यावर तरंगतो. खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. आणि ओढ बसली असता ताणतो व ओढ गेली की पुन्हा आखडतो. हिसका आला तर तो हिसका दोर स्वतः गिळतो, खुंट्यापर्यंत जाऊ देत नाही. गोडे पाणी मात्र त्यास मानवत नाही, असे जुने दर्यावर्दी सांगत. तापीस पूर आला म्हणजे सुरतेच्या धक्क्यावरचे पाणी गोडे होई, आणि त्या महिन्यांत दोर काढून वाळवून ठेवणे हे खलाशाचे काम असे. आपल्या कोकणीत ‘सूंब’ आणि मराठीत ‘सुंभ’. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही ही म्हण आपण हट्टी माणसास उद्देशून वापरतो, पण पिळाविषयी ती अक्षरशः खरी आहे. दोराचे बळ तंतूत नसते, पिळात असते. एकेक तंतू आखूडच, पण शेकडो तंतू एकमेकांस दाबून धरतात, आणि जितकी ओढ अधिक तितका दाब अधिक.

गाठीचे तत्त्व हेच. मराठीत आपण गाठीचे दोन प्रकार मानतो: निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ बसली की सुटत नाही, नखे तुटतात; सुरगाठ एका टोकास ओढताच मोकळी होते. घरकामास एवढे पुरते. नौकेस पुरत नाही. तेथे गाठ अशी हवी की ओढ असेपर्यंत निरगाठीसारखी धरील आणि हवी तेव्हा सुरगाठीसारखी सुटेल. तीही ओले हात, अंधार आणि ताणलेला दोर असताना. जगातील बहुतेक किनाऱ्यांवरच्या खलाशांनी या अडचणीचे एकच उत्तर काढले आहे, आणि ते इतके साधे आहे की कोणी काढले हे विचारण्याचे कारण नाही.

दोर खुंट्याभोवती दोनदा गुंडाळावा, वेढे एकावर एक न चढता शेजारी शेजारी बसावेत. मग मोकळे टोक ताणाच्या दोरावरून नेऊन त्याच्याभोवती फिरवावे आणि तयार झालेल्या फटीतून बाहेर काढावे. ही झाली एक अर्धी गाठ. पुन्हा त्याच दिशेने आणखी एक अर्धी गाठ, आणि दोन्ही सरकवून खुंट्याकडे घट्ट बसवाव्यात. मोकळे टोक वीतभर तरी शिल्लक राहिले पाहिजे. दुसरी अर्धी गाठ उलट दिशेने घातली तरी दिसावयास तसेच दिसते, पण धरण्यास ती उणी पडते. नवखा कोण आणि जुना कोण हे येथे कळते. सारी ओढ घेतात ते वेढे. गाठी केवळ वेढ्यांस सुटू देत नाहीत. म्हणून सोडताना गाठींवर ताण नसतो. त्या बोटांनी उकलाव्यात, एक वेढा हातात धरून ठेवावा, आणि नौकेस हळूहळू दोर देत जावे. नुसत्या खुंट्यावर दोन उलटसुलट फास टाकून बांधण्याची जी दुसरी झटपट रीत आहे ती थोड्या वेळास ठीक. पण लाटांच्या हेलकाव्यांनी दोर एकदा ताणला, एकदा सैलावला, असे रात्रभर चालले की ती सरकत सरकत मोकळी होते. भरतीच्या बंदरात तिच्यावर विसंबून झोपणारा माणूस फार दिवस नाखवा राहत नाही.

वेढे एवढे वजन कसे घेतात? अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने याचा हिशेब मांडला. प्रत्येक वेढ्याने ताण ठरावीक मापाने उणा होत नाही, ठरावीक पटीने होतो. दोर व लाकूड यांमधील घर्षणाचा गुणक तीन-दशांश धरला, तर एका पूर्ण वेढ्यात ताण साडेसहापट कमी होतो आणि दोन वेढ्यांत चाळीस पटींहून अधिक. चाळीस मणांचा ओढा करणारी नौका दोन वेढ्यांपलीकडे उभ्या असलेल्या माणसास मणभरानेही ओढत नाही. सुरतेच्या वाण्यास हे एका शब्दात सांगता आले असते: चक्रवाढ. त्याच्या पेढीवर जे व्याज करी, तेच धक्क्यावर दोर करी. फरक इतकाच की पेढीवर ओझे वाढे आणि धक्क्यावर ते उतरे.

भरतीच्या चढउतारावर उपाय मात्र गाठीत नाही, दोराच्या लांबीत आहे. नौका खुंट्याच्या अगदी समोर न ठेवता पुढे-मागे लांब दोरांनी तिरपी बांधली तर पाणी वीस फूट चढले-उतरले तरी दोरास थोडेच कमीअधिक व्हावे लागते. आणि तेवढ्यानेही भागले नाही तर माणूस जागा ठेवावा लागतो. पाणी उतरेल तसतसा दोर सोडावयाचा, चढेल तसतसा आवरावयाचा. शतपथातील मत्स्याने मनूस जे सांगितले ते तापीच्या काठी एक खलाशी रात्रभर करीत बसे.

या खलाशांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. सुरतेच्या वखारीच्या पत्रव्यवहारात कापडाच्या गाठी मोजलेल्या आहेत, दोराच्या गाठी मारणाऱ्यांची मोजदाद नाही. तथापि एक प्रसंग असा आहे की तेथे त्यांचे अस्तित्व स्पष्ट जाणवते. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांचे सैन्य बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर येऊन ठेपल्याची बातमी आली तेव्हा सुभेदार इनायतखान किल्ल्यात शिरून दारे लावून बसला. इंग्रज व डच आपापल्या वखारी राखीत राहिले. प्रेसिडेंट ऑक्झेंडनने सुंवाळीच्या जहाजांवरून खलाशी बोलावून घेतले. बाकीचे शहर नदीकडे धावले. ज्यांस शक्य झाले ते होड्यांत बसून पलीकडे किंवा खाली समुद्राच्या बाजूस गेले. आपल्या इतिहासकारांनी या पळणाऱ्यांची थोडी थट्टा केली आहे, ती आम्हांस रुचत नाही. सुभेदाराची थट्टा करावी. त्याचे कर्तव्य होते आणि ते त्याने सोडले. परंतु बायकामुले घेऊन काठावर उभ्या राहिलेल्या माणसास त्या क्षणी राजकारण कळत नसते. ओहोटी असेल तर होडी चिखलात रुतलेली. भरती असेल तर गाठ ओली होऊन बसलेली. त्या घाईत किती दोर उकलले गेले आणि किती विळ्याने कापावे लागले, यावर काहींचे प्राण आणि बहुतेकांची चीजवस्तू अवलंबून असली पाहिजे. महाराजांच्या स्वारीचे समर्थन ज्या कारणांनी करावयाचे ती कारणे भक्कम आहेत. मोगलांनी स्वराज्याची केलेली धूळधाण भरून काढण्यास त्यांस दुसरा मार्ग नव्हता. त्यासाठी काठावरच्या माणसास विसरावे लागते असे मात्र नाही.

आम्ही धंद्याने वकील असल्यामुळे या विषयातील ज्या अंगाने आमचे मन ओढले ते अद्याप सांगावयाचे राहिले. दोर सुटला, नौका वाहत गेली, दुसऱ्याच्या नौकेवर आदळली. भरपाई कोणी करावी? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात नावाड्यांविषयी जे मोजके श्लोक आहेत त्यांत याचे उत्तर आहे. नावाड्यांच्या अपराधाने नौकेतील जे नष्ट होईल ते सर्व नावाड्यांनी मिळून आपापल्या वाट्याप्रमाणे भरून द्यावे. दैवाने झाले तर दंड नाही. आणि कौटिल्य याच्याही पुढे जातो. पुरेशी माणसे किंवा साधने नसलेली, अथवा दुरुस्त न केलेली नौका बुडाली तर नुकसान नावध्यक्षाने, म्हणजे खुद्द सरकारी अधिकाऱ्याने भरावे. अपराध आणि दैव यांमधील ही रेषा इंग्रजी कायद्यानेही पुढे आपल्या रीतीने आखली. आमच्या मते ती दोराच्या बाबतीत जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसते. चांगला दोर वादळात तुटला तर ते दैव. गाठ सरकली तर तो अपराध.

असे आम्ही पुष्कळ दिवस समजत होतो, आणि ढोबळ मानाने ते खरेही आहे. पण अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने १९१० साली दिलेला एक निकाल या मांडणीस विलक्षण कलाटणी देतो. २७ नोव्हेंबर १९०५ रोजी सुपीरियर सरोवराच्या काठी डुलूथ येथे ‘रेनॉल्ड्स’ नावाची आगबोट एका खासगी धक्क्यास लागून माल उतरवीत होती. वादळ उठले, वारा ताशी पन्नास मैलांपर्यंत गेला. बोट सोडणे म्हणजे तिचा नाश. खलाशांनी ती बांधून ठेवली, आणि दोर झिजला की नवा, तुटला की दुसरा, असे करीत ती रात्र काढली. बोट वाचली; पण लाटांनी उचलून आपटत राहिल्यामुळे धक्क्याचे पाचशे डॉलरांचे नुकसान झाले. खलाशांनी शहाणपण केले, हे न्यायालयाने मान्य केले. कोणाचीही हयगय नव्हती. तरीही बोटीच्या मालकाने पैसे भरावेत असा निर्णय झाला. बहुमताचे म्हणणे असे की, हयगय नसताना दोर तुटून बोट वाऱ्याने धक्क्यावर आदळली असती, तर ते दैव होते आणि मालक सुटला असता. परंतु येथे प्रत्येक नवा दोर माणसाने विचारपूर्वक बांधला. आपली मालमत्ता वाचविण्यासाठी दुसऱ्याची खर्ची घातली, तेव्हा किंमत दिली पाहिजे. अल्पमतातील न्यायमूर्तींनी, धक्का बांधून बोटी लावून घेणाऱ्याने हा धोका पत्करलेलाच असतो, असे म्हटले.

म्हणजे सुटलेली गाठ अपराध, तुटलेला दोर दैव, आणि पक्की राहिलेली गाठ हे कर्ज! अल्पमताचा युक्तिवाद आम्ही पुनःपुन्हा वाचला. तो हुशारीचा आहे, पण मन बहुमताकडेच जाते. धर्मशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर तेथे दंड नाही, प्रतिदान आहे. सुरतेच्या व्यापाऱ्यांसही ही कल्पना नवी वाटली नसती. वादळात जहाज वाचविण्यासाठी नांगराचा दोर मुद्दाम तोडला किंवा काही माल समुद्रात टाकला, तर तो तोटा एकट्याने न सोसता जहाज व माल यांच्या सर्व मालकांनी वाटून घ्यावा, हा दर्यावर्दी व्यवहार फार पुरातन असून आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही त्यास स्थान आहे. आणि १९०८ चा जो भारतीय बंदर कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ चालला व ज्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली, त्यात दोन कलमे अशी होती की ती वाचून आम्हांस कौटिल्याच्या त्या समासाची आठवण झाली. दुसऱ्याची नौका तिच्या बांधणीतून मुद्दाम सोडणे हा एका कलमान्वये गुन्हा. आणि नौकांस धोका करणारा दोर निकडीच्या प्रसंगी कापून टाकण्याचा अधिकार दुसऱ्या कलमान्वये बंदरावरील अधिकाऱ्यास. रश्मी आणि दात्र.

सुरतेचे बंदर कसे मावळले याची हकीकत सर्वश्रुत आहे, ती लांबवीत नाही. कंपनीने १६८७ साली आपले मुख्य ठाणे मुंबईस नेले. लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी सुतार १७३६ साली सुरतेहून मुंबईच्या गोदीत गेला, आणि त्याच्या मागून सुरतेची जहाजबांधणीची विद्याही गेली. मुंबईस खोल आणि आडोशाचे पाणी होते. १७५० साली तेथे कोरडी गोदी झाली, तेव्हा भरतीस नौका आत घ्यावयाची आणि दार लावून ओहोटीस मोकळ्या अंगाने दुरुस्त करावयाची सोय झाली. १७५९ साली सुरतेचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. तापी गाळाने भरत गेली. १८३७ साली शहरास मोठी आग लागली आणि पाठोपाठ पूर आला.

आपल्या घरांत श्रावणी पौर्णिमेस, कोकणीत ज्या दिवसास आपण सुतां पुनव म्हणतो त्या दिवशी, नवे जानवे घालून ब्रह्मगाठ हातात धरली जाते. बहिणी भावास राखी बांधतात. आणि त्याच दिवशी समुद्रास नारळ देऊन पावसाळाभर बांधून ठेवलेल्या नौका सोडावयास आरंभ होतो. गुजराथेत या दिवसास बळेव म्हणतात, आणि तापीच्या मुखाकडील डुमस, मगदल्ला या गावांतून दर्यास नारळ वाहण्याची रीत आहे. दोन बांधणे आणि एक सोडणे एका दिवशी का यावे, याचा उलगडा पंचांग करीत नाही. पाऊस उणावतो हे त्याचे साधे कारण आम्हांस पुरते.

सुंवाळीच्या दक्षिणेस आज हजीरा येथे मोठे बंदर आहे. २००५ पासून तेथे द्रवरूप वायूची प्रचंड जहाजे लागतात. त्यांचे दोर काथ्याचे नसतात. कृत्रिम धाग्याचे किंवा पोलादी तारेचे असतात. धक्क्यावर खुंट्यांच्या जागी असे आकडे असतात की ज्यांतून ताणलेला दोर संकटकाळी एका कळीने क्षणात सुटावा, आणि प्रत्येक दोरावर किती ओढ आहे हे यंत्र सांगते. कृत्रिम धाग्याचा दोर तुटला तर चाबकासारखा उलट येतो आणि समोरच्या माणसाचा जीव घेतो. काथ्याने असे बहुधा केले नाही. शहराजवळ नदीचे रूपही पालटले आहे. १९७२ साली वर उकाई धरण पुरे झाले, तरी ऑगस्ट २००६ मध्ये पाणी शहरात शिरलेच आणि रस्त्यांतून होड्या फिरल्या. सिंगणपोर व रांदेर यांमध्ये आता बंधारा आहे. त्याच्या वरच्या अंगास भरती पोहोचत नाही, पाणी बाराही महिने गोडे आणि बहुतेक एका पातळीवर असते. तेथील होड्या आखूड दोराने बांधलेल्या चालतात. बंधाऱ्याच्या खाली, किल्ल्यापासून मगदल्ल्यापर्यंत, दोर अजून लांबच ठेवावा लागतो.